अर्धं शटर आणि उधारीची वही

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र चार ओळींचं, पण प्रश्न मुळावर बोट ठेवणारा. त्या लिहितात, "आमच्या कोपऱ्यावरचा वाणी तूरडाळ किलोमागे आठ-दहा रुपये महाग देतो. मोबाइलवर मागवली तर स्वस्त पडते, शिवाय घरबसल्या दारात येते. पण डबा रिकामा झाला की सासूबाई म्हणतात, 'करोनात त्याने आपल्याला उपाशी ठेवलं नाही, त्याच्याकडूनच आण.' ताई, उपकार मानायचे हे खरं, पण किती वर्षं? आणि ते डाळीच्या भावातच मोजायचे का?"

प्रश्न रास्त आहे. बऱ्याच जणींच्या मनात असतो, पण कृतघ्न दिसू या भीतीने कुणी विचारत नाही. म्हणून आज या सदरात लोणची-पापड बाजूला ठेवून हाच विषय घ्यायचं ठरवलं.

आधीच सांगून टाकते. माझ्या मते सासूबाईंचा सल्ला बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण अपुरं आहे. घरखर्चाच्या वहीत उपकाराला रकाना नसतो, तसा तो असूही नये. उपकाराच्या ओझ्याखाली केलेली खरेदी फार दिवस टिकत नाही. हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेबानेच सोडवायला हवा. त्यासाठी त्या दिवसांत नेमकं काय घडलं, ते नीट आठवून पाहू या.

२२ मार्च २०२० चा रविवार जनता कर्फ्यूचा. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात संचारबंदी आली. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली, आणि मध्यरात्रीपासून सारा देश बंद. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. ज्यांच्या घरात गुढीची गाठी आधी आली होती त्यांची गुढी गोड झाली, बाकीच्यांनी साखरेच्या वाटीवर भागवलं. पण या गाठी करणाऱ्यांचा विचार करा. वर्षातले मोजके आठवडे त्यांच्या धंद्याचे. साखरेचा पाक करून, साच्यात ओतून, दोरे घालून माल तयार. आणि नेमका विक्रीचा दिवस टाळेबंदीचा पहिला दिवस!

किराणा, भाजी, फळं, दूध, मटण-मासळी, औषधं आणि रेशन यांच्या दुकानांना मोकळीक होती. 'अत्यावश्यक' हा कचेरीतला शब्द तेव्हा पोराबाळांच्या तोंडी झाला. पण मोकळीक कागदावर असणं वेगळं आणि सकाळी सातला शटर वर जाणं वेगळं. दुकानात काम करणारी मुलं गावी निघून गेलेली. माल आणायचा तर टेम्पो हवा, टेम्पोला परवाना हवा, गोणी उतरवायला हमाल हवा. घाऊक बाजारातही साथ शिरली. अख्ख्या मुंबईला धान्य आणि भाजी पुरवणारा वाशीचा बाजार मे २०२० मध्ये काही दिवस बंदच ठेवावा लागला. अशा वेळी कोपऱ्यावरचा वाणी पहाटे उठून स्वतः स्कूटरवर दोन कट्टे बांधून आणायचा. नवरा मालाच्या मागे आणि बायको गल्ल्यावर, हे दृश्य त्या वर्षी गल्लोगल्ली दिसलं. एरवी पडद्यामागे पुड्या बांधणाऱ्या कितीतरी वाणिणी तेव्हा पहिल्यांदा काट्यापुढे उभ्या राहिल्या.

दुकानांनी रीतही झटपट बदलली. दारात आडवं टेबल, पुढे दोरी, रस्त्यावर खडूचे गोल. यादी फोनवरून पाठवायची, सामानाची पिशवी भरून तयार असायची, पैसे ताटलीत ठेवायचे किंवा मोबाइलने भरायचे. माल संपत आला की पाच किलो मागणाऱ्याला दोन किलो. आपण तेव्हा चिडलो, "पैसे देतोय ना, मग का नाही?" पण त्या तीन किलोंत पलीकडच्या इमारतीतल्या एकट्या आजोबांची खिचडी होती, हे वाण्याला ठाऊक होतं. कोणाच्या घरी किती माणसं जेवतात, कोणाला मधुमेह आहे म्हणून साखर कमी लागते, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, ही माहिती कुठल्याही सरकारी कचेरीत नव्हती. ती त्याच्या डोक्यात होती.

त्याच दिवसांत मोबाइलवरच्या दुकानांची काय अवस्था होती, तेही आठवा. मार्च-एप्रिलमध्ये कित्येक ठिकाणी मागणीच घेतली जात नव्हती. घेतली तरी आठ-आठ दिवस माल येत नव्हता. यात त्यांच्या पोरांचा दोष नाही. पुढे त्या पोरांनीही जीव धोक्यात घालून घरोघरी पिशव्या पोचवल्या, ते विसरता येणार नाही. मुद्दा रचनेचा आहे. मोठी वखार शहराबाहेर, माणसं दुसऱ्या टोकाला, मधे वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. रस्ता अडला की सगळंच अडलं. मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट बघा ना. त्यांच्या शिस्तीची कीर्ती साऱ्या जगात, पण लोकल थांबली आणि डबेही थांबले. उलट कोपऱ्यावरचा वाणी दुकानाच्या मागच्या खोलीत नाहीतर वरच्या माळ्यावर राहणारा. जिना उतरला की दुकानात. त्याचा लहानपणाच त्या वेळी त्याचं बळ ठरला.

आणखी एक गोष्ट तेव्हा आपल्याला कळली नव्हती, ती आता कळते. सुरुवातीला आपण वस्तूंना घाबरलो. दुधाच्या पिशव्या धुतल्या, काहींनी तर भाजीसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवली. (असं कधीही करू नये बरं का! भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. साबण भाजीच्या बारीक छिद्रांत राहतो आणि पोटात जातो.) पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हा रोग वस्तूंना हात लावून क्वचित पसरतो, पसरतो तो मुख्यतः श्वासातून, कोंदट हवेतून. म्हणजे गिऱ्हाईक रस्त्यावर मोकळ्या हवेत उभं आणि वाणी फळीच्या आत, ही आपली जुनी पद्धत बंद दारांच्या गार हवेतल्या दुकानापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक सुरक्षित होती. धोका राहिला तो आत उभ्या असलेल्याला. आपण पाच मिनिटं उभ्या राहून घरी आलो, तो मात्र दिवसभर तिथेच.

आता वेळेच्या बंधनाबद्दल. एक साधा हिशेब मांडून बघा. एखाद्या दुकानात दिवसाला १२० गिऱ्हाइकं येतात असं समजा. दुकान बारा तास उघडं असेल तर तासाला दहा जणं, म्हणजे सहा मिनिटांना एक. तेच दुकान चार तास उघडं ठेवलं तर तासाला तीस, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. गर्दी टाळायची म्हणून वेळ कमी करायची आणि वेळ कमी केली म्हणून गर्दी तिप्पट! पुण्यात जुलै २०२० मध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी जाहीर झाली. पहिले पाच दिवस किराणासुद्धा बंद, फक्त दूध आणि औषधं मिळणार. मग आदल्या दोन दिवसांत वाण्यांच्या दारांत काय रांगा लागल्या, ते पुणेकरणींना सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्यभर किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ मिळाली. अधिकाऱ्यांची अडचण खरी होती, इस्पितळांत खाटा नव्हत्या. पण रांगेचं सगळं ओझं त्या चार तासांत एका माणसाच्या अंगावर पडलं.

अकरा वाजल्यानंतरचं 'अर्धं शटर' तुम्हालाही आठवत असेल. शटर गुडघ्याएवढं वर, आत अंधार, वाकून हळूच म्हणायचं, "काका, एक खोबरेल तेल." नियमाने ते चूकच. दंड झाला तर तो वाण्याला व्हायचा, आपल्याला नाही. तरी त्या फटीतून तापाची गोळी बाहेर आली, बाळाच्या दुधाची पावडर आली, कुणाच्या घरी मयत झालं तर तूप-कापूरही आला. कायदा मोडल्याचं कौतुक मी करत नाही. अर्ध्या शटरमागे माणूस कशासाठी बसला होता, एवढंच सांगते.

पिठाच्या गिरणीची गोष्ट तर खास आपल्या जिव्हाळ्याची. घरात गव्हाचा डबा भरलेला आणि पीठ मात्र नाही, ही वेळ कितीजणींवर आली! किराणा चालू, पण गिरणी 'अत्यावश्यक' आहे की कारखाना आहे, याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावत होता. अखेर २१ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने खुलासा केला, की शहरांतल्या पिठाच्या गिरण्या, डाळ गिरण्या, पाव बनवणारे कारखाने आणि दूध प्रक्रिया केंद्रं चालू ठेवायला हरकत नाही. म्हणजे पोळी अत्यावश्यक आहे, हे कागदावर यायला जवळजवळ महिना गेला. एखादी बाई त्या समितीवर असती तर पहिल्याच दिवशी हे सांगून मोकळी झाली असती! त्या खुलाशानंतर तीन दिवसांनी, २४ एप्रिलला, गल्लीतली एकटी-दुकटी दुकानं उघडायची परवानगी आली. महाराष्ट्रात साथीचा जोर मोठा, म्हणून इथे ती मे महिन्यात मिळाली आणि तीही एका गल्लीत पाचच दुकानं अशा अटीवर. केशकर्तनालयांना तर २८ जूनपर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही फक्त केस कापायचे, दाढी करायची नाही.

या 'अत्यावश्यक' नसलेल्यांचे हाल लिहायला वेगळा लेख लागेल. शिंपी, इस्त्रीवाला, चांभार, भांड्यांना कल्हई करणारा, मिरची कांडपवाली. मार्च ते मे हा लग्नसराईचा नि वाळवणांचा हंगाम. अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आली आणि गेली. ब्लाउज शिवून तयार, पण लग्नच पुढे ढकललेलं. डंखावर मिरच्यांची पोती यायची ते दिवस रिकामे गेले. यातले जे तगले ते काम बदलून तगले. शिंप्यांनी आणि बचत गटांतल्या बायकांनी मुखपट्ट्या शिवल्या. खेड्यापाड्यांतल्या बचत गटांनी हे काम किती झपाट्याने उचललं, ते राज्याने पाहिलं. इस्त्रीवाल्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला केंद्राची स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज दहा हजार रुपयांचं. ज्याचं भांडवल दोन महिन्यांत पोटात गेलं, त्याला दहा हजार म्हणजे पुन्हा पहिल्या टोपलीपासून सुरुवात.

साथीचा रोग आपल्याला नवा नाही. २०२० मध्ये ज्या कायद्याच्या आधारे राज्याने निर्बंध घातले, तो साथरोग कायदा १८९७ चा; मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी केलेला. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पण त्या वेळी प्लेग आला की लोक घराला कुलूप लावून माळावर झोपड्यांत राहायला जात. माणसंच गाव सोडून जात. करोनाने उलट केलं. माणसांनी घरातच बसायचं होतं. कोटी-कोटी माणसं घरात बसणार, तर कुणीतरी बाहेर उभं राहायलाच हवं. त्या 'कुणीतरी'त डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार होते, आणि आपला वाणी, दूधवाला, भाजीवाली, गिरणीवालाही होता.

फरक एवढाच, की १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत दुकानदार नव्हता. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि आजारी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना, आणि १ मेपासून अठरा वर्षांपुढच्यांना लस खुली झाली. तीही महाराष्ट्रात तरुणांसाठी थोड्याच दिवसांत टंचाईमुळे थांबवावी लागली. म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांचा वाणी दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सात ते अकराच्या गर्दीत, लस न घेता उभा होता. दुकान गरजेचं, पण दुकानदार रांगेत मागे! त्या एप्रिल-मेमध्ये बंद झालेली काही शटरं नंतर दुसऱ्याच कुणी उघडली, काही उघडलीच नाहीत. तुमच्या वस्तीतही असं एखादं शटर असेल.

आता उधारीच्या वहीकडे येऊ. धुणंभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले, गवंडी, छोट्या कचेऱ्यांतले शिपाई. यांचा पगार त्या महिन्यांत एक तर अर्धा झाला नाहीतर बंदच झाला. सरकारने रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट दिलं, शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली. त्याचा फार आधार झाला. पण नुसत्या तांदूळ-गव्हावर संसार चालत नाही. तेल, मीठ, तिखट, साबण, चहापत्ती, पोराचं बिस्किट. हे आलं वाण्याच्या वहीवर. वाणी तरी कुठे श्रीमंत? तोही घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतो. व्यापाऱ्याचं उधार वाण्यावर आणि वाण्याचं उधार आपल्यावर, अशी ही साखळी. काही कुटुंबं गावी गेली ती परत आलीच नाहीत. काही घरांतला कर्ता माणूसच गेला. त्या पानांवर वाण्याने काय करावं? कुणी रेघ मारून टाकली, कुणी पान तसंच ठेवलं.

सगळे वाणी संत होते असं मात्र समजू नका. गर्दी पाहून भाव चढवणारेही होते. २१ मार्च २०२० ला सरकारला मुखपट्टीचे आणि हात धुण्याच्या जंतुनाशकाचे भाव बांधून द्यावे लागले. दोन पदरी पट्टी आठ रुपये, तीन पदरी दहा रुपये, २०० मिलिलिटरची बाटली शंभर रुपये. लुबाडणारे होते म्हणूनच ना हे करावं लागलं? तेव्हा भाव विचारायचा, वजन बघायचं, हा आपला हक्क कधीच सोडू नये. बंद पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार वैधमापन खात्याकडे करता येते. सुट्ट्या डाळ-तांदळावर मात्र छापील किंमत नसते. तिथे दोन दुकानांत विचारून पाहणं हाच उपाय.

तर ठाण्याच्या भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं.

वाण्याला दिलेले जास्तीचे आठ-दहा रुपये उपकाराची फेड म्हणून देऊ नका, विम्याचा हप्ता म्हणून द्या. घरात आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं आपण म्हणत नाही. समजा तुमचं महिन्याचं वाणसामान सहा हजारांचं आहे आणि वाणी सरासरी शेकडा चार रुपये महाग पडतो. म्हणजे महिन्याला २४० रुपये. निम्मं सामान त्याच्याकडून घेतलं तर १२० रुपये. या १२० रुपयांत काय मिळतं? खराब निघालेला रवा वाद न घालता बदलून मिळतो. छटाकभर शहाजिरं मिळतं. सासूबाई एकट्या घरी असताना दोन दिवस दूध न्यायला आल्या नाहीत, तर "आजी बऱ्या आहेत ना?" म्हणून कुणी दार वाजवतं. आणि पुन्हा कधी पूर आला, संप झाला, साथ आली, तर घरापासून शंभर पावलांवर एक शटर वर जातं. आपण एरवी त्याच्याकडून काहीच घेतलं नाही, तर संकटाच्या दिवशी ते शटर तिथे असेलच कसं? वर्षभर पाणी न घातलेलं झाड उन्हाळ्यात सावली देत नाही.

पण तुमची परिस्थिती ओढगस्तीची असेल, तर हा हप्ता भरू नका. जिथे स्वस्त मिळेल तिथे घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. वाणीसुद्धा घाऊक बाजारात चार दुकानं हिंडूनच माल घेतो.

ज्यांना जमेल त्यांच्यासाठी काही व्यवहारी गोष्टी.

यादीचे दोन भाग करा. वर्षाचे गहू, तांदूळ, तेलाचा डबा, साबण-पावडरी असा बोजड आणि बंद माल जिथे स्वस्त पडेल तिथून घ्यावा. डाळी, रवा, पोहे, गूळ, मसाल्याचं सामान, शेंगदाणे असा हाताळून, वास घेऊन घ्यायचा माल वाण्याकडून घ्यावा. दळण गिरणीतूनच आणावं. ताज्या पिठाच्या पोळीचा मऊपणा पाकिटातल्या पिठाला येत नाही.

उधारी असेल तर आपलीही वही ठेवा. नुसत्या वाण्याच्या वहीवर विसंबू नये. तारीख, जिन्नस, रक्कम लिहून महिनाअखेरी दोन्ही वह्या जुळवाव्यात. त्यात अविश्वास नाही. उलट दोघांचाही गैरसमज टळतो. आणि पगार झाल्यावर पहिले पैसे वाण्याचे. तो व्याज लावत नाही, म्हणून त्याला शेवटी ठेवायचं, हे बरं नव्हे.

करोनातली जुनी बाकी राहून गेली असेल, तर ती फेडून टाका. एकदम जमत नसेल तर महिन्याला शंभर-दोनशे रुपये द्या. "काका, त्या वेळचे एवढे राहिलेत," असं आपण होऊन म्हणायला जड जातं खरं. पण अशी बाकी असली की माणूस लाजेने ते दुकानच टाळू लागतो, आणि दुकानदार पैशांबरोबर गिऱ्हाईकही गमावतो.

घरात पंधरा दिवसांचा साठा असू द्या, तीन महिन्यांचा नको. चौघांच्या घराला पंधरा दिवसांना साधारण सात-आठ किलो गहू-ज्वारी, तीन-चार किलो तांदूळ, दीड-दोन किलो डाळी-कडधान्यं, दीड लिटर तेल, किलोभर साखर, पाव किलो चहा आणि मीठ-मसाला पुरतो. धान्य साठवा, पीठ साठवू नका. पावसाळ्यात तर पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणावं. रवा कोरडाच भाजून, गार करून घट्ट डब्यात भरला म्हणजे त्यात जाळी होत नाही. चणाडाळ, राजगिरा, साबुदाणा, दूध पावडर थोडी थोडी असावी. आपल्याकडे पंधरा दिवसांचं सामान असलं, म्हणजे घोषणेच्या रात्री आपण रांगेत नसतो आणि ज्याच्या घरात खरंच काही नाही त्याला जागा मिळते.

घरातल्या मुलांना वाण्याकडे पाठवा. यादी वाचणं, वजन बघणं, सुट्टे मोजणं, "काका, भाव कमी करा की," असं म्हणणं. हे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर मिळत नाही. पोरांना दुकानदार ओळखतो आणि पोरं दुकानदाराला ओळखतात, ही वस्तीची मोठी ठेव आहे.

शेवटी, ज्या मैत्रिणी स्वतः छोटा धंदा करतात त्यांच्यासाठी. करोनात घरी विलगीकरणात पडलेल्यांना डबे पोचवून कितीतरी जणींनी पोळीभाजी केंद्रं सुरू केली. संकटात भाव न लावता डबे दिले हे तुमचं मोठेपण. पण रोजच्या धंद्यात गॅस, तेल, डबा, पोचवण्याचा खर्च आणि आपले श्रम धरूनच किंमत लावा. 'घरचंच तर आहे' म्हणून श्रमांचे पैसे सोडलेत, तर पहिल्या अडचणीत धंदा बसेल. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. धंद्याचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, आणि दोन महिन्यांचं भाडं आणि मालाचे पैसे भागतील एवढी रक्कम बाजूला असू द्या. २०२० मध्ये जी छोटी दुकानं पुन्हा उघडली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागे असाच एखादा बाजूला ठेवलेला डबा होता. कधी तो बायकोच्या मिसरीच्या डब्यातला, कधी पातळाच्या घडीतला.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आता रस्त्यावरचे खडूचे गोल पुसले गेले आहेत. पण वाण्याच्या कपाटात त्या वर्षाची वही अजून असेल. भगिनींनो, या महिन्याची यादी घेऊन जाल तेव्हा एकदा विचारून या, "काका, आमच्या नावावर त्या वेळचं काही राहिलंय का हो?" नसेल तर छानच. असेल तर देऊन मोकळ्या व्हा. आणि डाळीचा भाव मात्र जरूर विचारा!